पाळीव प्राण्यांची प्रतिबंधक निगा : कोकण व गोवा

घरात सोबतीसाठी किंवा राखणीसाठी पाळलेल्या कुत्रा, मांजर इ. प्राण्यांना रोग जडण्यापूर्वीच लस टोचणे, जंतनाशके देणे, गोचीड व पिसवा यांचा बंदोबस्त करणे, निर्बीजीकरण करणे आणि ठरावीक मुदतीने तपासणी करून घेणे, या उपायांना एकत्रितपणे प्रतिबंधक पशुवैद्यकीय निगा म्हणतात. गाय, बैल, म्हैस यांच्या बाबतीत अशा निगेचा हेतू मुख्यतः आर्थिक असतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तो सार्वजनिक आरोग्याशी निगडित आहे, कारण भारतात माणसाला होणारा अलर्क रोग बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यामुळे होतो. पश्चिम किनाऱ्यावरील या निगेचा इतिहास म्हणजे कुत्रा मारण्याऐवजी त्याला रोगमुक्त ठेवणे अधिक फलदायी असते, हे समाजाला व शासनाला कसे उमगत गेले याचा इतिहास होय. सुमारे दोनशे वर्षांच्या या वाटचालीची एक निर्णायक अवस्था वेंगुर्ले तालुक्याच्या सीमेलगत गोव्यात गाठली गेली.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी : वेंगुर्ले हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण व जुने बंदर. सतराव्या शतकात येथे डचांची वखार होती. १८१२ मध्ये ते सावंतवाडी संस्थानाकडून ब्रिटिशांकडे आले व पुढे मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट झाले. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. तालुक्याच्या दक्षिण टोकाला रेडी हे गाव असून त्यापलीकडे गोव्याच्या पेडणे तालुक्यातील तेरेखोल आहे. तेरेखोल नदी ही दोन राज्यांमधील सीमा मानली जात असली, तरी तेरेखोल गाव व तेथील किल्ला नदीच्या उत्तर काठावर आहेत. त्यामुळे येथे महाराष्ट्र व गोवा यांच्यामध्ये पाण्याचा अडसर नाही; माणसाप्रमाणेच कुत्राही पायी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो.

या भागातील वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली आहे. आंबा, काजू व नारळ यांच्या बागांची राखण करण्यासाठी, माकडे व रानडुकरे यांना हुसकावण्यासाठी आणि रात्रीच्या जागेसाठी घरोघरी कुत्रा पाळला जातो. तो सामान्यतः साखळीने बांधलेला नसतो. त्याला मालक असतो, रात्रीचे जेवण घरी मिळते, परंतु दिवसभर तो वाडीत, मासळीबाजारात व किनाऱ्यावर हिंडतो. शहरी कायद्यांत गृहीत धरलेला ‘पाळीव’ व ‘मोकाट’ हा भेद येथे पुष्कळदा लागू पडत नाही. प्रतिबंधक निगेच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण एका घराने आपल्या कुत्र्याला लस टोचली, तरी तो ज्या कुत्र्यांत वावरतो ती असुरक्षितच राहतात.

रोगाचे स्वरूप : अलर्क रोग व्हायरसामुळे होतो. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून तो जखमेत शिरतो व तंत्रिकांच्या मार्गाने मेंदूकडे जातो. माणसात परिपाक काल बहुधा एक ते तीन महिन्यांचा असतो. क्वचित तो याहून बराच मोठा असतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मात्र चाव्यानंतर जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुऊन वेळेवर लस घेतल्यास आणि जखम खोल असल्यास प्रतिपिंडयुक्त औषधही जखमेत टोचल्यास तो टाळता येतो. हळद, चुना, मिरची लावण्याची किंवा गावठी औषध घेण्याची प्रथा घातक आहे. तिच्यामुळे जखम चिघळते व मोलाचा वेळ वाया जातो.

हा रोग भारतीयांना पुरातन काळापासून माहीत आहे. ‘अलर्क’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थच पिसाळलेला कुत्रा असा आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याची लक्षणे, त्याच्या दंशाने माणसाला होणारा विकार व जलत्रास म्हणजे पाण्याची भीती यांचे वर्णन असून जलत्रास उत्पन्न झालेला रोगी वाचत नाही, असा अभिप्राय आहे. रोगाची ओळख अशी अचूक असली, तरी कुत्र्याला रोग होऊच नये यासाठी काही करता येईल ही कल्पना मात्र आधुनिक आहे.

निर्मूलनाचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ब्रिटिश प्रशासनाने मोकाट कुत्री मारण्याचा उपाय अवलंबिला. १८१३ च्या नियमानुसार वर्षातील ठरावीक उष्ण महिन्यांत कुत्री मारण्याची परवानगी होती. १८३२ मध्ये ही मुदत वाढविण्यात आली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्याने घरांच्या आवारातील कुत्रीही पकडली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान असून मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशांनी या मोहिमेला विरोध केला. त्यात इतर समाजही सामील झाले, बाजार बंद राहिले व सैन्याला पाचारण करावे लागले. ही घटना ‘कुत्र्यांचा दंगा’ म्हणून ओळखली जाते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली.

या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे समजण्याजोगे होते. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी होती व तिच्यावर औषध नव्हते. दुसरीकडे, दिसेल तो कुत्रा मारणे लोकांच्या धर्मभावनेला व भूतदयेला पटणारे नव्हते. मारणे आणि आश्रय देणे यांखेरीज तिसरा मार्ग त्या काळी उपलब्ध नव्हता, हा या पेचाचा गाभा होय. मुंबई इलाख्यात पुढेही दीर्घकाळ स्थानिक संस्थांचा मुख्य उपाय कुत्री मारणे हाच राहिला.

पशुवैद्यकीय संस्थांची स्थापना : १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी संस्था स्थापन झाली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे १८८३ मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होत. येथील शिक्षणात घोडा व गुरे यांना प्राधान्य होते, कारण सैन्य, वाहतूक व शेती त्यांच्यावर अवलंबून होती. कुत्र्या-मांजरांचे वैद्यक हा बराच काळ गौण विषय मानला जाई. १९७२ मध्ये दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाशी हे महाविद्यालय संलग्न झाले आणि २००० मध्ये नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाल्यावर ते त्याचा भाग बनले.

कोकणातील ग्रामीण भागात पशुवैद्यकीय सेवा प्रामुख्याने गुरांसाठी होती व आहे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण दवाखान्यांचा मोठा भाग त्यांच्याकडे आला. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकत व बुळकांडी या रोगांविरुद्ध गुरांना लस टोचणे हे त्यांचे मुख्य काम होते. बुळकांडीचा अनुभव बोधप्रद आहे. शतकानुशतके गुरांचे कळप नष्ट करणाऱ्या या रोगातून भारत २००६ मध्ये मुक्त असल्याचे मान्य झाले व २०११ मध्ये जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. चिकाटीने केलेल्या लसीकरणाने प्राण्यांचा रोग मुळापासून नाहीसा करता येतो, याचा हा पुरावा होता. कुत्र्याच्या बाबतीत हा धडा गिरविण्यास मात्र फार उशीर झाला.

अलर्करोधक लस : या विलंबातील विसंगती अशी, की अलर्क रोगाविरुद्ध प्रतिरक्षा प्रथम कुत्र्यातच निर्माण करण्यात आली होती. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर (१८२२–९५) यांनी १८८४ मध्ये कुत्र्यांना लस टोचून त्यांचे रक्षण करता येते, हे प्रयोगाने दाखविले. त्यानंतर ६ जुलै १८८५ रोजी त्यांनी झोझेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचण्यास सुरुवात केली. तथापि एकेका कुत्र्याला अनेक वेळा टोचावे लागत असल्याने देशभरातील कुत्र्यांना लस देणे त्या काळी व्यवहार्य नव्हते. परिणामी लस चावा बसलेल्या माणसासाठी राहिली व कुत्रा तिच्या कक्षेबाहेर पडला.

भारतात १९०० मध्ये कसौली येथे व १९०७ मध्ये कुन्नूर येथे पाश्चर संस्था सुरू झाल्या. आरंभी इलाख्याच्या दूरदूरच्या भागांतून चावा बसलेल्यांना उपचारासाठी कसौलीसारख्या ठिकाणी जावे लागे. किनाऱ्यावरील खेड्यातून असा प्रवास म्हणजे आधी बोटीचा व मग आगगाडीचा अनेक दिवसांचा खटाटोप होता. १९११ मध्ये कसौली येथे डेव्हिड सेंपल (१८५६–१९३७) यांनी मेंढीच्या मेंदूच्या ऊतकापासून, फिनॉलाने व्हायरस निष्क्रिय करून, नवी लस तयार केली. तिच्या उत्पादनास फार अवजड साधने लागत नसल्याने उपचार जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचू शकला. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही अलर्करोधक लस तयार होत असे. परंतु पोटावर दररोज एक याप्रमाणे बहुधा चौदा टोचण्या घ्याव्या लागत आणि लसीतील मेंदू-ऊतकामुळे काही जणांना पक्षाघातासारखे विकार होत. ही लस भारतात २००४ च्या अखेरीपर्यंत प्रचारात होती. त्यानंतर कोशिकासंवर्धनाने बनविलेल्या सुरक्षित लशींनी तिची जागा पूर्णपणे घेतली. ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ ही मराठी घरांत मुलांना घातली जाणारी धास्ती या काळातली आहे.

इतर देशांत मात्र कुत्र्याकडे पुन्हा लक्ष वळले होते. ग्रेट ब्रिटनने मुसक्या बांधण्याची सक्ती व आयात कुत्र्यांना विलग ठेवणे या उपायांनी १९०२ मध्ये रोग संपविला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो पुन्हा शिरल्यावर १९२२ पर्यंत त्याचे पुनश्च निर्मूलन केले. बेट असणे व बहुतेक कुत्र्यांना ओळखीचा मालक असणे, या दोन गोष्टी त्याला अनुकूल होत्या. जपानमध्ये उमेनो व दोई यांनी १९२१ च्या सुमारास एकाच टोचणीची श्वानलस प्रचारात आणली. १९५० च्या कायद्याने कुत्र्यांची नोंदणी व लसीकरण सक्तीचे झाले आणि १९५७ नंतर तेथे देशांतर्गत संसर्ग आढळला नाही. १९४८ मध्ये कोप्रोव्हस्की व कॉक्स यांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भात वाढविलेली लस तयार केल्यावर कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण सुलभ झाले.

अन्य रोगांवरील प्रतिबंध : कुत्र्याच्या इतर संसर्गजन्य रोगांविरुद्धच्या लशी विसाव्या शतकात विकसित झाल्या. डिस्टेंपर या रोगाचा व्हायरस १९०५ मध्ये कारे यांनी दाखवून दिला व १९२० नंतरच्या दशकात लेडलॉ व डंकिन यांनी इंग्लंडमध्ये त्यावर लस तयार केली. पार्व्होव्हायरसाची रक्तमिश्रित हगवण १९७८ मध्ये एकदम जगभर पसरली आणि काही वर्षांतच भारतातही आढळली. पिलांत ती आजही मृत्यूचे प्रमुख कारण आहे. मांजरांत पॅनल्यूकोपेनिया या रोगावर लस आवश्यक समजतात. अलर्क रोग मांजरालाही होत असल्याने त्यालाही ती लस देणे इष्ट असते.

कोकणच्या दृष्टीने लेप्टोस्पायरोसिस विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. उंदीर व इतर प्राणी यांच्या मूत्रातून त्याचे जंतू पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात व भातखाचरांत मिसळतात आणि पायाच्या चिरांतून माणसाच्या शरीरात शिरतात. कुत्र्यालाही हा रोग होतो व त्याच्या मूत्रातून जंतू बाहेर पडतात. कुत्र्याला दिली जाणारी लस जंतूच्या काही ठरावीक प्रकारांपुरतीच उपयुक्त असल्याने उंदरांचा बंदोबस्त तितकाच महत्त्वाचा ठरतो. दमट हवेमुळे गोचीड व आतड्यातील अंकुशकृमी यांचाही उपद्रव या किनाऱ्यावर वर्षभर असतो. अंकुशकृमीचे डिंभ ओल्या वाळूतून अनवाणी माणसाच्या त्वचेत शिरून खाज आणतात. म्हणून किनाऱ्यावरील कुत्र्यांना जंतनाशक देणे हे मुलांच्याही हिताचे असते.

धोरणातील बदल : नियमित कत्तल करूनही मोकाट कुत्र्यांची संख्या व चावे कमी होत नाहीत, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. अन्नाचा पुरवठा कायम असेल, तर मारलेल्या कुत्र्यांची जागा बाहेरून आलेली व नव्याने जन्मलेली कुत्री घेतात. त्यातच लस टोचलेली कुत्रीही मारली गेल्याने समूहातील प्रतिरक्षा घटते. मुंबईत १९९४ पासून कत्तलीऐवजी निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारण्यात आला. केंद्र शासनाने १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली २००१ मध्ये नियम करून कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण देशभर लागू केले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. २०२५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २२ ऑगस्टच्या आदेशात निर्बीजीकरण व लसीकरण केलेली कुत्री, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता, मूळ जागी परत सोडण्यास न्यायालयाने संमती दिली. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री निवाऱ्यात हलविण्यास सांगितले. १८३२ चा पेच, म्हणजे लोकांचे रक्षण व प्राण्यांविषयीची दया यांचा मेळ, अशा रीतीने नव्या संदर्भात पुन्हा उभा राहिला. मधल्या काळात फरक एवढाच पडला होता, की आता तिसरा मार्ग उपलब्ध होता.

गोव्यातील प्रयोग : हा तिसरा मार्ग एका संपूर्ण राज्यात कसोशीने अवलंबिण्याचे श्रेय गोव्याकडे जाते. २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेने तेथे कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम हाती घेतली व पुढे राज्य शासनाच्या सहकार्याने ती सर्व तालुक्यांत राबविली. तिच्यामागील तत्त्व साधे आहे. एक पिसाळलेला कुत्रा सरासरीने एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देतो. म्हणून समूहातील सुमारे ७० टक्के कुत्री प्रतिरक्षित असल्यास, जन्ममृत्यूमुळे वर्षभरात होणारी घट धरूनही, साखळी तुटते. त्यासाठी पथके घरोघर जाऊन पाळीव कुत्र्यांना मालकाच्या हातीच लस टोचत व मोकाट कुत्र्यांना जाळ्याने पकडून, टोचून, रंगाची खूण करून तेथेच सोडीत. कोणत्या वाडीत किती कुत्र्यांना लस मिळाली याची नोंद भ्रमणध्वनीवरील प्रणालीत ठेवली जाई, त्यामुळे सुटलेल्या वाड्या लगेच लक्षात येत. संशयित कुत्र्यांची खबर घेण्याची व्यवस्था आणि शाळांतून मुलांचे शिक्षण ही मोहिमेची अन्य अंगे होत.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अहवालानुसार २०१३ ते २०१९ या काळात मोहिमेने वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस देण्याचा पल्ला गाठला व लसीकरणाचे प्रमाण ७० टक्क्यांवर नेले. दरवर्षी सुमारे दीड लाख मुलांपर्यंत शिक्षण पोहोचले. कुत्र्यांतील रोगाचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले व माणसांतील अलर्क रोग संपुष्टात आला. जून २०२१ मध्ये राज्य अलर्क-नियंत्रित असल्याचे जाहीर करण्यात आले. असा मान मिळविणारे ते देशातील पहिले राज्य होय. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी, म्हणजे पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, केंद्र शासनाने कुत्र्यांमार्फत होणारा अलर्क रोग २०३० पर्यंत संपविण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. २०२२-२३ मधील देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात या रोगाने वर्षाला सुमारे ५,७०० माणसे दगावतात. पूर्वीचे अंदाज याहून बरेच मोठे होते. तरीही प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा असल्याने ही संख्या लहान म्हणता येत नाही.

सीमाभागाचे महत्त्व : एखाद्या प्रदेशातून अलर्क रोग हटविला, तरी शेजारून येणाऱ्या कुत्र्याबरोबर तो परत येऊ शकतो. ब्रिटनला बेट असूनही हा अनुभव आला. गोव्याला समुद्राखेरीज तिन्ही बाजूंनी महाराष्ट्र व कर्नाटक यांची भूमी लागून आहे. वेंगुर्ले, सावंतवाडी व दोडामार्ग या तालुक्यांतील कुत्र्यांची प्रतिरक्षा ही त्यामुळे केवळ सिंधुदुर्ग जिल्ह्याची बाब राहत नाही. उलट, पलीकडे रोग आटोक्यात असल्याचा लाभ या तालुक्यांनाही होतो, मात्र तो टिकविण्यासाठी लसीकरण अलीकडेही त्याच प्रमाणात व दरवर्षी व्हावे लागते. मोकाट कुत्र्यांची संख्या उघड्या कचऱ्यावर अवलंबून असल्याने नगर स्वच्छतेचाही येथे थेट संबंध येतो. वेंगुर्ले नगर परिषदेने कचऱ्याचे वर्गीकरण करून त्याची विल्हेवाट लावण्याचे जे काम केले व जे राज्यात नावाजले गेले, त्याचे मोल या दृष्टीनेही आहे.

निगेचा क्रम : प्रचलित पद्धतीनुसार पिलाला सहा ते आठ आठवड्यांचे असताना डिस्टेंपर, पार्व्होव्हायरस इ. रोगांवरील पहिली लस देतात व ती तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिलू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, पुन्हा देतात. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे आरंभीच्या लशीचा प्रभाव कमी करीत असल्याने ही पुनरावृत्ती आवश्यक असते. अलर्क रोगाची लस तिसऱ्या महिन्यात, नंतर वर्षाने व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्यानुसार बहुधा दरवर्षी देतात. पिलांना जंतनाशक पहिल्या काही आठवड्यांपासून द्यावे लागते. लस टोचल्याचा दाखला जपून ठेवणे महत्त्वाचे असते, कारण कुत्रा कोणाला चावल्यास त्याच दाखल्याची विचारणा प्रथम होते. लस घेतलेला कुत्रा चावला, तरी माणसाने जखम धुऊन वैद्यकीय सल्ला घेणे अनिवार्य आहे. कुत्र्याला मारून न टाकता दहा दिवस नजरेखाली ठेवतात. या मुदतीत तो निरोगी राहिल्यास चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत व्हायरस नव्हता, असा निष्कर्ष निघतो.

माणसाला चावा बसल्यानंतर द्याव्या लागणाऱ्या लशी व प्रतिपिंडे यांच्या तुलनेत कुत्र्याला वर्षातून एकदा टोचावयाच्या लशीचा खर्च अत्यल्प असतो. पाश्चर यांनी कुत्र्यावर सिद्ध केलेली ही प्रतिरक्षा या किनाऱ्यावरील कुत्र्यांपर्यंत व्यापक प्रमाणावर पोहोचण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. ती गोव्यात पोहोचली तेव्हा काही वर्षांतच माणसांचे मृत्यू थांबले. रेडी व तेरेखोल यांच्यामधील सीमेच्या दोन्ही बाजूंस ती सारखीच पोहोचणे, हे या कार्याचे पुढील उद्दिष्ट ठरते.